बुवांच्या गळ्याची पेटी

दुबईतल्या आमच्या पेटीवादक मंडळाला घटना नव्हती, पावतीपुस्तक नव्हतं, पण एक नियम होता आणि तो कुणी मोडत नसे. एका सहलीला एकच पेटी. पूर्वी एकदा शारजाकडच्या खजुरीच्या बागेत हौसेनं दोन पेट्या नेल्या होत्या. त्या एकमेकींशी जुळेनात. पेटी चुकीची कुणाची यावर दोन्ही मालकांचं असं वाजलं की परतताना एक जण गाडीच्या टपावर बसून आला. तेव्हापासून पेटी एकच न्यायची, बागेत सतरंजी टाकायची, आणि सगळ्यांनी आळीपाळीनं तीच वाजवायची. पेटीच्या मालकाला मात्र ड्रायव्हरशेजारची जागा. पेटी मांडीवर घेऊन तो नवरदेवासारखा पुढे बसे.

गेली काही वर्षं तो नवरदेव म्हणजे खैरुद्दीन सोलकर.

खैरुद्दीन रत्नागिरीकडचे. खाडीच्या एका काठाला, देऱ्यात, एका बांधकाम कंत्राटदाराच्या गोदामावर स्टोअरकीपर होते आणि गोदामामागच्या दोन खोल्यांत बायकोबरोबर, मैमुनाबीबरोबर, राहत. पाच वक्त नमाजी माणूस. पण तरुणपणी गावाकडच्या देवळांत कीर्तनकारांच्या मागे पेटीला बसलेला. बुवा बोलता बोलता कधी गाण्यात शिरतील, ओवीवरून साकीवर कधी उडी मारतील, हे त्यांना बुवांच्या पाठीवरून कळे. कीर्तन म्हटलं की ते विरघळत. देवाचं नाव कुठल्या भाषेत, कुठल्या अंगणात घेतलं जातंय हा हिशेब त्यांनी कधी केला नाही. आपल्या मनात भिजायची जागा आहे ना, मग झालं, असं म्हणत.

एकोणीसशे सदुसष्टच्या हिवाळ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. भाट्येकरबुवा मुलाकडे राहायला दुबईला येणार अशी खबर आली. हे तेच बुवा, ज्यांच्या मागे खैरुद्दीन विशीत बसले होते. आणि त्याच आठवड्यात जहूरची नवी पेटी मुंबईच्या बोटीनं उतरली.

जहूर तिशीचा, बँकेत कारकून, केसांना तेल, बोटांना चपळाई. खाडीपलीकडच्या बर दुबईत मंडळाचे अध्यक्ष युसुफशेठ यांच्या कापडदुकानात त्यानं पेटी उघडली तेव्हा गिऱ्हाईकंसुद्धा थांबली. तीन ओळी सूर, वर हस्तिदंतासारखी पट्टी, भाता असा की बोट लावलं तरी श्वास घेईल. सगळ्यांनी ती वाजवून पाहिली. खैरुद्दीननं पाहिली नाही. ते ठाणातलं कापड चाचपत बसले.

"खैरूचाचा, हात तरी लावा की," जहूर म्हणाला.

"पान खाल्लंय. बोटं चिकट आहेत."

"पान कधीपासून खायला लागलात?"

"आजपासून."

दुकान हसलं. खैरुद्दीनही हसले, आणि पुन्हा कापड चाचपू लागले.

मग युसुफशेठनी मुद्दा काढला. रास अल खैमाला एका इमारतीच्या कामावर रत्नागिरीकडचे गवंडी आणि सुतार होते. बुवा येतायत हे कळल्यावर त्यांनी निरोप धाडला होता की आम्हालाही कीर्तन ऐकवा. म्हणजे मंडळाची पुढची सहल तिकडेच. आणि त्याच्या पुढच्या शुक्रवारी बर दुबईत, देवळाच्या गल्लीतल्या मोठ्या अंगणात, बुवांचं मुख्य कीर्तन.

"जो तिकडे साथीला बसेल तोच इकडे बसेल," युसुफशेठ म्हणाले. "बुवांना दर वेळी नवा माणूस कशाला? आता कुणाची पेटी न्यायची ते ठरवा."

सगळ्यांच्या नजरा त्या हस्तिदंती पट्टीकडे गेल्या. खैरुद्दीननं त्या नजरा मोजल्या नाहीत, पण एकही चुकवली नाही.

"पुढच्या बैठकीत ठरवू," ते म्हणाले, आणि अबऱ्याच्या होडीत बसून खाडी ओलांडताना सगळी वाट स्वतःशी बोलत राहिले. पोरगा वाजवतो चांगला. पण कीर्तन म्हणजे काय सिनेमाचं गाणं आहे? बुवांच्या मागे बसायला बुवा माहीत पाहिजेत. मला माहीत आहेत. हे ह्यांना कोण सांगणार?

सांगायला एक स्पूल आली. बुवांच्या मुलानं गावाकडच्या एका कीर्तनाचं ध्वनिमुद्रण मागवलं होतं. खैरुद्दीननं ते ऐकायला मागून घेतलं, आणि मंडळातल्या अन्वरकडून, जो देऱ्याच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करायचा, टेपरेकॉर्डर आणला. बाजारात विजेच्या तारा पोचल्या होत्या, गोदामापर्यंत नव्हत्या. तिथे कंत्राटदाराचा जुना जनरेटर संध्याकाळी धडधडत असे, त्यावरच दिवे आणि पंखा. त्यावरच मशीन लावली.

बुवांचा आवाज खोलीत आला आणि खैरुद्दीनच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी पेटी पुढे ओढली. बुवांची पट्टी त्यांना पाठ होती, काळी एक. त्यांनी काळी एक दाबली. जुळेना. बुवा किंचित खाली होते. पांढरी एक दाबली. आता बुवा किंचित वर. दोन पट्ट्यांच्या मधोमध, जिथे पेटीत नुसतं लाकूड असतं, तिथे बुवांचा आवाज उभा होता.

"गळा उतरलाय," ते हळूच म्हणाले.

"कुणाचा?" मैमुनाबी भाकरी थापत होत्या.

"बुवांचा. वय झालं. पाव सूर खाली आलेत, आणि कुणाला सांगत नाहीत."

"तुम्हाला तरी कुठे सांगितलंय?"

"मला कळतं."

त्यांना खरंच वाईट वाटलं, म्हातारपणी ओढाताण करून गाणाऱ्या त्या माणसाबद्दल. पण त्या वाईट वाटण्याच्या शेपटीला एक आनंद बांधलेला होता. जहूरची पेटी कितीही भारी असो, तिच्यात ही जागा नव्हती. कुठल्याच पेटीत नव्हती. ती करावी लागणार होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पेटी उघडी केली. पेटीचा प्रत्येक सूर म्हणजे पितळेची एक जीभ. टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. खैरुद्दीन गोदामातून आल्यावर बारीक कानस घेऊन बसत, एक जीभ घासत, फुंकून पाहत, मशीन लावून बुवांशी ताडून घेत, पुन्हा घासत. अशी एकेक करून सगळी पेटी त्यांनी पाव सुरानं खाली आणली. पितळेचा भुगा भाताच्या ताटलीपर्यंत येऊ लागला.

"सवत आणली असती तर एवढी कुरवाळली नसती," मैमुनाबी म्हणाल्या.

"तुला कळायचं नाही. ही पेटी आता बुवांची आहे."

"आणि बुवा गेल्यावर? दुसऱ्या कुणाबरोबर वाजेल ती?"

खैरुद्दीननं पुढची जीभ कानशीखाली घेतली. वाजणार नव्हती. मंडळातल्या दुसऱ्या पेटीशी नाही, कुणाच्या बासरीशी नाही. त्यांना ते माहीत होतं, आणि कुठेतरी तेच हवं होतं.

"जहूरसाठी चाललंय हे सगळं," मैमुनाबी म्हणाल्या आणि भाकरी उलटवली.

पुढच्या बैठकीत त्यांनी हुकुमाचं पान टाकलं. "बुवांचा गळा आता काळी एकला नाही. दोन पट्ट्यांच्या मध्ये आहे. मी टेपवर ताडलंय. माझी पेटी मी तिथे बसवली आहे."

 सगळे सूर घासणं म्हणजे काय, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं.

"सगळी पेटी?" जहूरनं विचारलं.

"सगळी."

"एका माणसासाठी?"

"तुझ्यासाठी तर नक्कीच नाही."

युसुफशेठनी हात वर केले. "खलास. चाचांची पेटी जाईल." जहूरनं आपल्या पेटीवर मखमलीचा रुमाल टाकला, जरा जास्तच हळू. ते पाहून खैरुद्दीनला त्या रात्री छान झोप लागली.

बुवा बोटीतून उतरले ते समुद्र लागून अर्धमेले. घसा बसलेला. गरम पाणी आणि मौन, असा हुकूम त्यांनी स्वतःलाच दिला. खैरुद्दीन भेटायला गेले तेव्हा बुवांनी नुसता हात धरला आणि कुजबुजले, "खैरू. जाडा झालास." एवढ्यावर खैरुद्दीन आठवडाभर चालले. पेटीचं मुद्दामच बोलले नाहीत. बैठकीला बसल्यावर बुवांना आपसूक कळेल, आणि ते वळून पाहतील. ते वळून पाहणं त्यांनी मनात पुष्कळदा पाहून ठेवलं होतं.

सहलीच्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली आणि लँडरोव्हर व पिकअप निघाल्या. ओहोटी धरून किनाऱ्याकिनाऱ्यानं, मग खाऱ्या जमिनीवरून, मधे एकदा वाळूत रुतून, सगळ्यांनी उतरून ढकलून. खैरुद्दीन पुढे, पेटी मांडीवर. गाडी ढकलायलाही ते उतरले नाहीत. "पेटीला वाळू लागेल," म्हणाले. मागून जहूरचा आवाज आला, "बरोबर आहे. बाळंतिणीला उतरवू नका."

रास अल खैमाच्या बागेत खजुरीखाली सतरंज्या पडल्या. गवंडी, सुतार, त्यांचे मुकादम, काही टोप्या, काही गंध, सगळे न्हाऊन आलेले. असरची, तिसऱ्या प्रहरची, नमाज झाली. कुणीतरी घरून आणलेली सांदणं वाटली. तबल्याला मंडळातला मुश्ताक बसला आणि त्यानं तबला खैरुद्दीनच्या पेटीवर मिळवून घेतला. बुवा उठले, उपरणं सारखं केलं, हातात झांज घेतली. घसा खाकरला. आवाज परत आला होता.

खैरुद्दीननं सूर दिला. बुवांनी क्षणभर डोळे मिटले, तो सूर उचलला आणि नमन सुरू केलं. जुळलं. इतकं जुळलं की पेटी कुठे संपते आणि बुवा कुठे सुरू होतात ते कळेना. खैरुद्दीननं गर्दीत जहूरला शोधलं. तो मांडी घालून पहिल्या ओळीत बसला होता, चेहरा वाळल्या खजुरासारखा. खैरुद्दीननं मनात अल्लाचे आभार मानले, आणि लगेच, असल्या गोष्टीसाठी आभार मानू नयेत म्हणून, माफीही मागितली.

मग बुवा बोलू लागले. सावत्र आईनं बापाच्या मांडीवरून उतरवलेल्या राजपुत्राचं आख्यान त्यांनी लावलं होतं. बोलता बोलता ते थेट गाण्यात शिरले. कीर्तनात बुवा सूर मागत नाहीत. ते गातात आणि पेटीनं धावत जाऊन त्यांना गाठायचं असतं. खैरुद्दीन धावले आणि चुकले. बुवा वर होते, पेटी खाली. केसभर अंतर, पण पायात काटा असल्यासारखं.

घसा नुकताच सुटलाय, खैरुद्दीनला वाटलं, येतील खाली. बुवांनी कान दिला आणि खरंच खाली आले. ओळ पुरी झाली. पण पुन्हा बोलले, पुन्हा शिरले, आणि पुन्हा वर. गळा आपल्या घरी जात होता, पेटी त्याला दुसऱ्याच्या दारात ओढत होती. तिसऱ्या वेळी बुवांचा शब्द अडखळला. ते वळले. खैरुद्दीननं मनात जपून ठेवलेलं वळणं हेच, फक्त कपाळावर आठी होती.

खैरुद्दीनची बोटं वरच्या पट्टीवर गेली. तिथे बुवा नव्हते. खालच्या पट्टीवर आली. तिथेही नव्हते. बुवा मधोमध उभे होते, काळी एकला, जिथे ते आयुष्यभर उभे होते, आणि ती काळी एक खैरुद्दीननं स्वतःच्या हातानं घासून टाकली होती.

तेवढ्यात शेजारी ठक् ठक् आवाज झाला. मुश्ताक मान खाली घालून हातोडीनं तबला चढवून घेत होता. बुवांच्या सुराला. तो खैरुद्दीनकडे बघत नव्हता, आणि म्हणूनच सगळं बोलून गेला.

पहिल्या ओळीत जहूर आता ताठ बसला होता. तो हसत नव्हता, पण त्याची बोटं गुडघ्यावर चालत होती, नेमकी, बुवांबरोबर. खैरुद्दीनला ती बोटं दिसली आणि त्यांना वाटलं, ही पेटी अशीच वाजवत राहावी. बिघडलं तर बिघडू दे. उठायचं नाही. उठलो की तो बसेल, इथे नाही तर पुढच्या शुक्रवारी, देवळाच्या गल्लीत, सगळ्या दुबईसमोर.

बुवा त्या जागेपाशी आले होते. पोर बापाच्या मांडीवर चढलंय, आणि सावत्र आई दंड धरून त्याला खाली ओढतेय. बागेत कुणी हालत नव्हतं. एका गवंड्यानं खांद्यावरच्या पंच्यानं नाक पुसलं. बुवांनी पद उचललं,

"उतरवले मज मांडीवरुनी, बसू कुणाच्या पाशी…"

ह्या ओळीवर आपण केसभर खाली वाजलो तर काय होईल, ते खैरुद्दीनला कळलं. पोराचं रडणं खोटं होईल. एवढी माणसं वाळूत रापून, आज न्हाऊन, ते रडणं ऐकायला आली होती. त्यांनी भाता दाबून बंद केला आणि कडी लावली.

पेटी थांबली तसं मागे एक भगदाड पडलं. बुवांना श्वास घ्यायचा होता, आणि तेवढ्यात ओळ कुणीतरी धरायची होती. पेटी वाजवताना खैरुद्दीनचे ओठ कायम हलत. आवाज कधी बाहेर आला नव्हता. आज हात रिकामे होते म्हणून की काय, तो आला. गोदामात माल मोजताना पुकारा करायचा तो घोगरा आवाज. पण तो बरोबर तिथे गेला जिथे बुवा होते.

"बसू कुणाच्या पाशी…"

बुवा वळले नाहीत. एक पाऊल मागे सरकले, खैरुद्दीनच्या जवळ, आणि पुढची ओळ अर्धीच म्हणून सोडून दिली. खैरुद्दीननं ती पुरी केली. मग शेवटपर्यंत तसंच चाललं.

आरती झाल्यावर चहा फिरला. अन्वर कप घेऊन खैरुद्दीनपाशी आला. "चाचा, ती स्पूल कुठे वाजवलीत?"

"खोलीवर."

"म्हणजे जनरेटरवर." अन्वरनं कपाळाला हात लावला. "अहो, त्या जनरेटरवर पंखा लंगडतो, मशीन कशी सरळ चालेल? करंट सुस्त तर मोटर सुस्त, मोटर सुस्त तर आवाज खाली. बुवा नाही उतरले, तुमचा जनरेटर उतरलाय. बाजारात माझ्या दुकानात येऊन ऐकलं असतंत तर?"

 दुकानात गेलो असतो तर, खैरुद्दीनच्या मनात आलं, जहूरच्या कानावर गेलं असतं. म्हणून तर खोलीवर.

बुवांनी हे ऐकलं. आधी त्यांना नीट समजेना, मग युसुफशेठनी पुन्हा सांगितलं, आणि मग ते इतके हसले की मुलानं पाठ चोळली. "अरे खैरू, माझा गळा उतरला असं वाटलं तुला? आणि मला न विचारता माझ्यासाठी सगळी पेटी उतरवलीस?"

"तुम्हाला लाज वाटू नये म्हणून."

"आणि?"

 खैरुद्दीननं नजर चुकवली ती नेमकी जहूरवर जाऊन पडली.

"असं," बुवा म्हणाले. "हाच का तो? ये रे बाबा. तुझी पेटी काळी एकला सरळ आहे ना?"

"एकदम सरळ, बुवा." जहूर तत्परतेनं पुढे आला.

"मग पुढच्या शुक्रवारी तू पेटीला बस. आणि खैरू, तू मागे गायला. मला धाप लागते आता. ते मात्र खरं आहे."

जहूरचा चेहरा उजळला आणि तसाच अर्ध्यात थांबला. "म्हणजे मी वाजवणार, आणि बुवांची ओळ चाचा उचलणार?"

"हो."

"मग मी काय करायचं त्या वेळी?"

"हळू वाजवायचं," बुवा म्हणाले.

दोन दिवसांनी जहूर सरावाला गोदामामागच्या खोलीत आला. पेटी स्वतः उचलून आणली, अबऱ्यातून, उन्हातून. मैमुनाबींनी सरबत दिलं. दोघे समोरासमोर बसले, खोली एवढी लहान की गुडघ्याला गुडघा लागत होता. जहूरनं तिन्ही ओळी सूर उघडून काळी एक दाबली. खोली भरून गेली. खैरुद्दीननं पद उचललं.

"चाचा, तुम्ही लांबवताय. मला जागाच राहत नाही."

"तू भाता कमी दाब. लग्नाचा बँड नाहीये."

"बुवा तुम्हालाच का बोलवून घेतात? सहलीहून परत येतानासुद्धा सारखं खैरू, खैरू."

"तुला जळायला काय झालं? पेटी तुझी आहे, बैठक तुझी आहे."

"तुम्ही नाही जळत?"

खैरुद्दीननं त्या हस्तिदंती पट्टीकडे पाहिलं. त्यांचे स्वतःचे हात मांडीवर पडून होते आणि त्यांना कुठे ठेवावं ते कळत नव्हतं. "जळतो की," ते म्हणाले. "तुझी पेटी बघून पोटात आग होते."

"मग बरं आहे," जहूर म्हणाला.

"तुमची मी चढवून देऊ का?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं. "टोकाशी घासून. दोघं मिळून लवकर होईल."

"माझ्या पेटीला हात लावायचा नाही."

"ठीक आहे."

"आणि सूर दे. नीट दे. मला वर ओढू नकोस."

"तुम्ही खाली पडू नका म्हणजे झालं."

मैमुनाबी दारात निवडायला तांदूळ घेऊन बसल्या होत्या. "दोन सवती बऱ्या," त्या सुपातल्या तांदळांकडे बघत म्हणाल्या. "निदान वेगवेगळ्या खोल्यांत तरी राहतात."

जहूरनं दोन ओळी सूर बंद केले, एकच ठेवला, आणि पट्टी अलगद दाबली. खैरुद्दीननं एकदा ऐकलं, आणि ह्या वेळी ओळ थोडी आखूड सोडली, जहूरपुरती.